चुलींची वही: पूर ओसरल्यावर गावानं गावासाठी करायची कामं

पाणी ओसरलं की आधी वास येतो. पेंढ्यात कुजलेल्या सोयाबीनचा, पोत्यात आंबलेल्या ज्वारीचा, कुठंतरी झुडपात अडकलेल्या जनावराचा. २०२५च्या सप्टेंबरात आमच्या नदीकाठच्या गावात तिसऱ्या दिवशी बाया तोंडाला पदर बांधून घरातला गाळ काढत होत्या. त्याच दुपारी फाट्यावर मदतीचा पहिला टेम्पो आला. आणणारी पोरं भली होती, रात्रभर गाडी चालवत आली होती. पुढचा रस्ता वाहून गेल्यामुळं टेम्पो फाट्यावरच थांबला आणि अर्ध्या तासात रिकामा झाला. फाट्यालगतच्या काही घरांत तीन-तीन किट गेले. दोन किलोमीटर आतल्या तांड्यावर गाडी येऊन गेल्याचं संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नव्हतं.

त्या रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही सात-आठ जणांनी एक दोनशे पानी वही काढली. पुढं महिनाभर गावातलं सगळं काम त्या वहीवरून चाललं: जेवण, ताडपत्र्या, कडबा, पंचनामे, हरकतीचे अर्ज. आमच्या चुका झाल्या, त्याही खाली लिहिल्या आहेत. मांजरा, तेरणा, सिंदफणा, सीना, पूर्णा, गोदावरी, मन्याड, कोणत्याही काठावरच्या गावाला हे कामी यावं म्हणून लिहितो आहे.

पहिला दिवस: माणसं मोजा, भिंतींपासून लांब राहा

पाणी उतरल्या-उतरल्या प्रत्येकाला आपल्या घरात शिरायचं असतं. तिथंच माणसं जातात. आपल्याकडं अजून दगड-मातीच्या रुंद भिंतींची, वर माळवद (मातीचं सपाट छत) असलेली घरं भरपूर आहेत. माळवदाची माती पाणी पिऊन फार जड होते, खालच्या तुळया आधीच वाळवीनं पोखरलेल्या असतात. अशी घरं पाऊस चालू असताना पडतात, तशी ऊन पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पडतात, कारण भिजलेली भिंत वाळताना भेगाळते. किलचणातून (तुळयांवरच्या लाकडी फळ्या-काड्यांतून) माती झिरपत असेल, कोपऱ्यात उभी भेग असेल, दार चौकटीत अडकायला लागलं असेल किंवा भिंतीचं पोट बाहेर आलं असेल, तर आत जायचं नाही. यातलं काही दिसत नसलं तरी धान्य काढताना एकानं आत आणि एकानं बाहेर उभं राहून भिंतीवर नजर ठेवायची. झोपायला मात्र त्या छताखाली कुणीही नको, चार दिवस शाळेत काढलेले बरे. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात जवळपास १० हजार माणसं गेली, ती बहुतेक याच दगड-मातीखाली. भूकंप आणि पूर वेगळे, पण भिंत तीच आहे.

वीज बंद झाली म्हणून तार मेली असं धरू नका. कोणीतरी दुसऱ्या बाजूनं लाईन जोडतं आणि पडलेली तार जिवंत होते. डीपीकडं (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडं) जाणाऱ्या वाटेवर दोन माणसं उभी करा, लाईनमनला फोन लावा, नाही लागला तर १९१२ या विजेच्या तक्रारीच्या नंबरवर. घरातलं मीटर भिजलं असेल तर लाईनमननं बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मोटारीच्या स्टार्टरलाही तेच लागू.

मग माणसं मोजायची. प्रत्येक गल्लीत दोघं फिरले की तासाभरात कळतं. आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राहणारे सालगडी, वीटभट्टीवरची कुटुंबं, पाहुणे म्हणून आलेली लेक आणि तिची लेकरं, मेंढरं घेऊन माळावर उतरलेले धनगर, ही माणसं कुणाच्याच मोजणीत नसतात. त्यांचं नाव घेऊन विचारा. कुणी सापडत नसेल तर स्वतः पाण्यात उतरू नका. १०७७ हा जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष आहे, आणि ११२. दवाखान्यासाठी १०८.

साप सगळीकडं निघतात, विशेषतः कडब्याच्या गंजीत, गाळाखालच्या भांड्यांत, पत्र्याखाली. हात घालायच्या आधी काठीनं हलवा. चावलाच तर ब्लेड लावायचं नाही, दोरी आवळायची नाही, मंत्र घालणाऱ्याकडं न्यायचं नाही. हात-पाय हलू न देता माणसाला ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. कोणत्या रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे ते आशाताईंना आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वही: घर नव्हे, चूल धरून

इथं आमची पहिली चूक झाली. पहिल्या रात्री आम्ही ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी घेतली आणि त्यावर खुणा करत गेलो. दुसऱ्या दिवशी एका वाड्यात किट दिला. तिथं मागच्या खोलीत एक म्हातारी बाई वेगळी राहते हे आम्हाला, त्याच गावात जन्मलेल्यांना, लक्षात आलं नाही. वाडा दिराच्या नावावर, किट दिराच्या हातात. ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं की तिनं दोन दिवस भिजलेली ज्वारी भाजून खाल्ली.

त्या दिवसापासून आम्ही दारात जाऊन पहिला प्रश्न बदलला: "या घरात चुली किती?" एका छपराखाली तीन भाऊ वेगळे निघालेले असतात, सासू-सुनेची चूल वेगळी असते, भाडेकरू असतो, माहेरी परतलेली लेक मागं पत्र्याच्या खोलीत असते. घरपट्टीच्या यादीत आमच्या गावात जेवढी घरं होती त्याच्या जवळपास दीडपट चुली निघाल्या.

प्रत्येक चुलीला एक नंबर आणि अर्धं पान. त्या बाईची नोंद शेवटी अशी झाली:

"चूल ४१. बाई, वय ६० च्या पुढं, एकटी. दिराच्या वाड्यात मागची खोली. मागची भिंत पडली, पत्रे शाबूत. ज्वारी २ पोती भिजली. शेळ्या ३, त्यातली १ वाहून गेली, २ आहेत. बीपीची गोळी संपली. आधार आहे, पासबुक भिजलं. शेत नाही. फोन नाही, निरोप चूल ४० मध्ये द्यावा."

एवढं पुरतं. जात लिहायची नाही, पक्ष लिहायचा नाही. गरोदर बाई, तान्हं लेकरू, अंथरुणावरचं माणूस, डायलिसिस किंवा टीबीची औषधं चालू असलेलं माणूस, यांच्या नोंदीला लाल पेनानं चौकट करा, म्हणजे पान चाळताना नजर तिथं थांबते.

लिहायला जोडी पाठवायची, एक पुरुष आणि एक बाई, आणि शक्यतो दुसऱ्या गल्लीतली. स्वतःच्या भावकीत फिरणारा माणूस कितीही सरळ असला तरी त्याच्यावर संशय येतो आणि मग वहीवरचा विश्वास जातो. बाई सोबत असणं फार महत्त्वाचं आहे. पाळीचे कपडे, अंगावर पाजणारी आई उपाशी आहे का, रात्री बाहेर जायला जागा उरली आहे का, दारू पिऊन आलेला नवरा मदतीचे पैसे उडवतो का, हे पुरुषाला कुणी सांगत नाही. लातूर-धाराशिवला याचा अनुभव जुना आहे: भूकंपानंतर घरं दुरुस्त करण्याच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं, आणि घर कसं बळकट करायचं, हप्ता कधी मिळतो हे त्या दारोदार जाऊन समजावून सांगत. तुमच्या गावात बचत गट असेल तर जोड्या तिथूनच निघतील. आमच्याकडं सगळ्यात चोख नोंदी दोन बचत गटांच्या अध्यक्षांनी केल्या.

सगळी पानं रोज रात्री मोबाईलवर फोटो काढून तीन वेगळ्या माणसांच्या फोनमध्ये ठेवा. लोकांच्या आधार क्रमांकाचे आणि खात्याचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. संकटात असे फोटो मागून फसवणारे फोन येतात.

माणसं किती लागतात

थोडी. वहीवर दोघं, चुलीवर (म्हणजे सामुदायिक स्वयंपाकावर) चार-पाच बाया-पुरुष, पाण्यावर एक, जनावरांवर एक, आलेला माल उतरवून घेण्यावर दोघं, तहसीलला चकरा मारायला एक. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी यांना पहिल्याच दिवशी सांगा, वही दाखवा. त्यांना वगळून केलं तर पुढं प्रत्येक कागद अडतो. आणि वही त्यांच्या ताब्यातही देऊ नका. ती शाळेत किंवा वाचनालयात, सगळ्यांना जाऊन बघता येईल अशा जागी राहू द्या.

विहीर

पुरानंतर आठ-दहा दिवसांनी जुलाब-उलट्यांची साथ येते. तेव्हा सगळ्यांना वाटतं संकट संपलं. गावची विहीर किंवा नळयोजनेची टाकी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर आधी गाळ-पाणी उपसा, मग टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाका. पावडर जलसुरक्षकाकडं (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याकडं) किंवा ग्रामपंचायतीत असते. पोतं फुटून ओलावा लागला असेल तर ती पावडर निकामी समजा, नवीन मागवा.

हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा आणि ७८५ नं गुणा. आलेला आकडा लिटरमध्ये. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे १ लाख १३ हजार लिटर. नेहमीची मात्रा १ हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे इथं साधारण ५६५ ग्रॅम. पुराचं पाणी आत गेलेल्या विहिरीला पहिल्या खेपेला मात्रा वाढवावी लागते, ती आरोग्य सेवकाला विचारून ठरवा. पावडर सरळ विहिरीत फेकायची नाही. बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत ओता आणि बादली दोरानं वर-खाली करून ढवळा. तासभर थांबा. मग ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायची. पाणी पिवळं दिसलं तर क्लोरीन आहे. रंग आला नाही तर पुन्हा. ही चाचणी विहिरीवर पुरत नाही, गावाच्या शेवटच्या नळावर करा, कारण फुटलेली पाईपलाईन मधेच घाण पाणी ओढते.

हे होईपर्यंत उकळूनच प्यायचं. ओल्या सरपणावर पाणी उकळणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे, म्हणून सामुदायिक चुलीवर एक मोठं पातेलं फक्त पाण्याचं ठेवा आणि लहान लेकरं असलेल्या घरांना आधी द्या. जुलाब सुरू झाले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा), घोट-घोट. रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, लेकरू मलूल झालं असेल तर लगेच दवाखाना.

सामुदायिक चूल कुठं मांडायची

चूल कुठं मांडली यावरून कोण जेवायला येणार ते ठरतं, म्हणून जागेचा विचार जेवणाच्या आधी करावा लागतो. पहिल्या दिवशी आम्ही सोयीचं म्हणून देवळाचा सभामंडप घेतला. पंगत उठली तेव्हा वहीत बघितलं, दोन वस्त्यांमधली एकही चूल आलेली नव्हती. कुणी अडवलं नव्हतं. पण इतक्या वर्षांचं न बोललेलं माणसाच्या पायात असतं. दुसऱ्या दिवशी चूल जिल्हा परिषदेच्या शाळेत हलवली आणि स्वयंपाकाला प्रत्येक वस्तीतल्या बाया घेतल्या. मग सगळे आले. तुमच्या गावात अशी जागा कोणती आहे ते तुम्हाला माहीत असतं, फक्त ते मोठ्यानं बोलायला लागतं.

खिचडीला १०० माणसांमागं ८ ते १० किलो तांदूळ आणि ३ किलो डाळ धरा. दोन दिवसांनी लोक खिचडीला कंटाळतात, आणि भाकरीशिवाय आपल्या माणसाचं पोट भरत नाही. कोरडं पीठ मिळालं की पिठलं-भाकरी सुरू करा, भाकऱ्या ज्यांची चूल पेटते त्या घरांनी थापून पाठवाव्यात. पाच-सहा दिवसांत ज्यांना शिधा आणि सरपण मिळालं त्यांनी घरी शिजवायला लागावं. सामुदायिक चूल महिनाभर चालवली तर चालवणारेच आजारी पडतात. जे एकटे आहेत, ज्यांचं घर पडलं, त्यांच्यापुरती पुढं चालू ठेवा. म्हातारी माणसं अपमान वाटून पंगतीला येत नाहीत, त्यांचा डबा घरी पोचवा.

मदत मागताना आणि वाटताना

बाहेरच्यांना काय पाठवावं ते कळत नाही, म्हणून ते जुने कपडे पाठवतात. १९९३ला मी शाळकरी होतो. औसा तालुक्यात रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेले मी पाहिले आहेत; पावसात भिजून ते कुजले आणि शेवटी पेटवावे लागले. तेव्हा वहीवरून यादी करा, आकड्यानिशी, आणि तीच यादी सगळ्यांना पाठवा. "मदत हवी" असं लिहू नका. "१२ बाय १८ च्या ताडपत्र्या ६४, चादरी १५०, बॅटऱ्या ४०, सॅनिटरी पॅड २०० पाकिटं, बायकांचे नवीन परकर आणि आतले कपडे, तिसरी ते सातवीची दप्तरं ३८, सरकी पेंड ३० पोती" असं लिहा. जे नको तेही लिहा: जुने कपडे नकोत, शिजवलेलं अन्न लांबून नको, पाण्याच्या बाटल्या आता पुरे. लोकांना वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

गाडी यायच्या आधी चुलीच्या नंबरच्या चिठ्ठ्या घरोघर जाऊन द्यायच्या. चिठ्ठी दाखवली की वस्तू, वहीत खूण आणि अंगठा किंवा सही. चिठ्ठीमुळं रांग लावायला बळ लागत नाही. गाडी फाट्यावर रिकामी होऊ देऊ नका, शाळेपर्यंत आणा. रस्ता नसेल तर ट्रॅक्टर पाठवा. आतल्या तांड्याचा, वस्तीचा माल वेगळा काढून आधी पोचवायचा, गावठाणात वाटप नंतर. किट आपल्या गावाला पुरून उरत असतील तर पुढच्या गावाला पाठवा. २०२५ला भूम-परंड्याकडं जाणाऱ्या गाड्या डांबरी रस्त्यावरच्या गावांत थांबत होत्या आणि आतल्या गावांतले लोक फोन करत होते. शेजारच्या चार गावांच्या वह्या एकत्र करून बोललं तर हे थांबतं.

वाटप घेताना लोकांचे फोटो काढायचे नाहीत. देणाऱ्याला पुरावा हवा असतो, तो खरा आहे. त्याला मालाचा, चिठ्ठ्यांचा, सह्यांच्या पानाचा फोटो द्या. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याला जेवू घातलं तिच्या हातात तांदळाची पिशवी देऊन मोबाईलकडं बघायला लावणं मला सहन होत नाही.

रोख रक्कम आली तर दोन सह्यांचं खातं, आणि रोजचा हिशेब शाळेच्या फळ्यावर खडूनं. किती आले, कुणाकडून, कशावर गेले, किती उरले. आमच्या फळ्यावर एकदा ३०० रुपयांचा फरक आला. रात्री अकरापर्यंत बसून तो शोधला. डिझेलची पावती खिशात राहिली होती. सकाळी फळ्यावर तेही लिहिलं.

जनावरं

मेलेलं जनावर दिसलं की लोकांना लगेच पुरायचं असतं, आणि तेही बरोबर आहे, रोगराई पसरते. पण पुरण्याआधी दोन गोष्टी: कानातला १२ अंकी बिल्ला दिसेल असा फोटो, आणि पशुवैद्यकीय डॉक्टरला १९६२ वर किंवा दवाखान्यात कळवून तपासणी. पंच म्हणून शेजारचे दोघं बोलवा. खड्डा निदान सहा फूट, विहीर आणि ओढ्यापासून लांब, वर चुना. वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा मिळत नाही, तिथं दावणीचा फोटो, दूध डेअरीची पावती आणि शेजाऱ्यांचा जबाब जोडा.

जगलेल्या जनावरांना चारा नसतो आणि भूक असते, त्यातून नवा धोका येतो. भिजून बुरशी धरलेला कडबा-भुस्सा घालू नका. शेतात ज्वारीचे कोवळे पोंगे फुटतात, त्यावर उपाशी जनावर सुटलं तर किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून तासाभरात जातं. सगळ्यांची जनावरं एका उंचवट्यावर बांधून चारा सामुदायिक वाटला तर हे सांभाळता येतं. घटसर्प आणि फऱ्याच्या लसीसाठी दवाखान्याला गावाची एकत्र मागणी लिहून द्या. एकेकट्यानं गेलं तर नंबर लागत नाही.

पंचनामा: इथं घाई करू नका

सरकारी मदतीचं सगळं गणित या एका कागदावर उभं असतं, आणि पंचनामा होताना निम्मी माणसं घरात नसतात. ग्राम महसूल अधिकारी (आपण तलाठीच म्हणतो), ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहाय्यक कधी येणार ते आदल्या दिवशी विचारून दवंडी द्या. वही घेऊन आपले दोघं त्यांच्यासोबत पूर्ण वेळ फिरले पाहिजेत. त्यांनाही ते हवं असतं. एकेका तलाठ्याकडं तीन-चार गावं असतात आणि तोही चार रात्री झोपलेला नसतो. आमच्याकडं वहीमुळं त्यांचं काम दोन दिवसांत झालं.

गाळ काढण्याआधी, भिंत पाडण्याआधी, शेताच्या बांधावर उभं राहून फोटो काढून ठेवलेले असावेत, फोटोत तारीख आणि ठिकाण येईल असं ॲप वापरून. घराच्या फोटोत पडलेली भिंत आणि उभा असलेला भाग दोन्ही एकत्र यावेत. सहीच्या आधी पंचनामा वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचायला सांगा. "अंशतः" आणि "पूर्णतः" या एका शब्दात फार अंतर आहे: २०२२ पासूनच्या निकषांत सपाट भागातलं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजार, अंशतः पडलेलं पक्कं घर ६,५००. दुधाची गाय-म्हैस ३७,५००, ओढकाम करणारा बैल ३२,०००, शेळी-मेंढी ४,०००. दर आणि मर्यादा सरकार बदलत असतं (पिकांसाठीची २ हेक्टरची मर्यादा २०२५ला ३ हेक्टर केली), तेव्हा त्या वर्षीचा शासन निर्णय तहसीलमधून मागून फळ्याशेजारी लावा. खरडून गेलेली जमीन आणि गाळ साचलेली जमीन यांची नोंद पिकाच्या नोंदीपेक्षा वेगळी व्हावी लागते. "पीक १०० टक्के" एवढंच लिहून पुढं गेले तर जमिनीचे पैसे राहतात.

अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर असतं. तिथं कमी पडला आणि तुमच्याकडं नदी आली, असं होतं. अशा वेळी पुराचं पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या भिंतीवरच्या खुणांचे फोटो आणि ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांना द्या, पोच घेऊन. पोच नसलेला अर्ज दिलेला नसतो.

आता ज्यांचं राहतं त्यांच्याबद्दल. सात-बारा मेलेल्या बापाच्या नावावर असेल तर पैसे अडकतात. वारस फेरफाराचे अर्ज एकत्र करून एकाच दिवशी तलाठ्याकडं द्या. सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या भावाची सही आणायला वेळ जातो, आजच फोन करा. बटईनं (पिकाच्या वाट्यावर) शेत करणाऱ्याचं बियाणं-खत बुडतं आणि मदत मालकाच्या खात्यात जाते. कायद्यानं यात फार करता येत नाही, पण गावात पारावर चार माणसांसमोर मालक आणि बटईदाराला बसवून वाटणी कागदावर लिहिता येते. आमच्या गावात सगळे मालक तयार झाले नाहीत, बरेच झाले.

यादी आली की चावडीवर लावायला सांगा आणि वहीशी चूल-चूल ताडून बघा. राहिलेल्यांचे हरकतीचे अर्ज त्याच आठवड्यात. नंतर यादीत नावापुढं विशिष्ट क्रमांक येतो, सेवा केंद्रात अंगठा देऊन ई-केवायसी करावी लागते. फार्मर आयडी झालेल्यांचं सोपं जातं. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, त्यांना एका दिवशी गाडी करून न्या. सेवा केंद्रवाल्याला जास्त पैसे द्यायचे नाहीत. मदतीची रक्कम बँकेनं कर्जात वळती करून घेतली तर लेखी तक्रार शाखेत आणि तहसीलला, दोन्हीकडं.

भिजलेले कागद उन्हात ठेवू नका, पानं चिकटतात. सावलीत, पानापानात वर्तमानपत्राचा तुकडा घालून वाळवा. चूल ४१ चं पासबुक असं तीन दिवसांत उघडलं, आणि त्यातला खाते क्रमांक वाचता आला.

शेत आणि मन

वाफसा आला (जमीन पेरणीजोगी झाली) की हरभरा आणि रब्बी ज्वारीची घाई होते. ज्यांची बैलं गेली, मोटारी जळाल्या, त्यांच्यासाठी ट्रॅक्टरवाल्यांशी डिझेलपुरत्या दरात बोला आणि पेरणीचा क्रम वहीवरून लावा: आधी ज्यांच्याकडं काहीच नाही ते. बाहेरून मदत विचारणाऱ्यांना ऑक्टोबरात बियाणं मागा, तेव्हा किटची गरज नसते.

कर्त्या माणसांकडं लक्ष ठेवा. जो माणूस बोलायचा बंद झाला, शेताकडं जाईना, जेवणावरून उठून जातो, रात्री एकटाच बांधावर बसतो, त्याच्याकडं रोज कुणीतरी जायचं. उपदेश करायला नको, सोबत चहा घ्यायला. "जीव द्यावासा वाटतो का" हे सरळ विचारलं तर चालतं, विचारल्यानं तो विचार येत नाही. घरातलं तणनाशक आणि औषधं काही दिवस शेजारी ठेवायला सांगा. टेली मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं. हा नंबरही फळ्यावर लिहा, फार मोठा नको, बाकीच्या नंबरांच्या ओळीतच, म्हणजे लिहून घेताना कुणाच्या नजरेत येणार नाही.

पुढच्या पावसाआधी, आणि दसऱ्याआधी

आपल्या गावावर कोणत्या धरणाचं पाणी येतं ते प्रत्येक घराला माहीत पाहिजे: गोदाकाठाला जायकवाडी, त्याखाली माजलगावचंही, लातूरकडं धनेगावचं मांजरा, परंड्याकडं सीना-कोळेगाव. किती क्युसेक सोडल्यावर पाणी कुठल्या पायरीला लागतं हे जुन्या माणसांना विचारून शाळेच्या भिंतीवर रंगानं खुणा करा. २८ सप्टेंबर २०२५ला जायकवाडीतून ३ लाख क्युसेकच्या घरात पाणी सुटलं. तो आकडा ऐकून काय करायचं हे ज्या गावांनी आधी ठरवलं होतं, त्यांची जनावरं रात्रीच माळावर गेली. मोबाईलचं रेंज जातं, म्हणून भोंगा किंवा देवळाची घंटा ठरवून ठेवा, आणि कोणत्या घरातल्या अपंग माणसाला कुणी उचलायचं ते नावानिशी वहीत.

ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. त्यांचं घर पडलेलं असतं, पंचनामा कधीकधी व्हायचा असतो, पण मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि गाडी दारात येते. आमच्याकडं अशा तेवीस चुली होत्या. गाडी यायच्या आधी दोन दिवस आम्ही रात्री त्यांच्याकडं बसलो: पंचनाम्याची प्रत, खाते क्रमांक, ई-केवायसीसाठी परत यायला लागलं तर मुकादमाचा फोन, मागं कोण राहणार, लेकरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवायची का सोबत न्यायची. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे डबे कोणत्या चुलीतून जाणार ते त्यांच्यासमोरच लिहिलं. एका पोरानं विचारलं, भिंत आम्ही आल्यावर बांधू, तोवर पत्रे कोण बघेल? त्याच्या नोंदीखाली शेजारच्या चुलीचा नंबर लिहिला, आणि शेजाऱ्यानं सही केली.